मुखपाकावर (तोंड येण्यावर) उपचार करणाऱ्या वैद्यबाईंना जाहीर आभारपत्र

आदरणीय वैद्यबाई,

सा. न. वि. वि.

तोंड आले की जाईची पाने चघळा, तूप लावा, असे कोणीही सांगते; परंतु एक व्रण भरतो न भरतो तोच गालाच्या आत दुसरा उठावा आणि वर्गात तासभर शिकवणेही नकोसे व्हावे, अशा चिवट दुखण्याकडे आपण ज्या गांभीर्याने पाहिलेत, त्याबद्दल मी आपला मनापासून ऋणी आहे.

नागपूरच्या महाल भागातील आपल्या दवाखान्यात मी गुळण्यांचा काढा मागायला आलो होतो आणि तो आपण पहिल्या भेटीत दिलाच नाही. खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) खाता का, एकाच जागचा व्रण दोन-तीन आठवड्यांहून अधिक टिकला आहे का, त्याच्या कडा कडक लागतात का, अशी चौकशी करून, तोंडाच्या कर्करोगाची शंका राहू नये म्हणून आपण मला आधी शासकीय दंत महाविद्यालयात पाठवलेत आणि लोह, फॉलिक ॲसिड व बी १२ यांची तपासणी करून घ्यायला लावलीत. खर्ऱ्याच्या या नागपुरात हा आग्रह प्रत्येक दवाखान्यात धरला जायला हवा. माझे बी १२ कमी निघाले. त्याची औषधे आणि दंतवैद्यांनी दिलेला स्टेरॉइडचा लेप सुरूच राहील, काढा केवळ त्यांच्या जोडीला असेल, हे आपण चिठ्ठीवर स्पष्ट लिहून दिलेत.

काढ्याची रीतही आपण तितक्याच बारकाईने समजावलीत. त्रिफळा, जाईची पाने आणि थोडे ज्येष्ठमध सोळापट पाण्यात घालून चौथा हिस्सा उरेपर्यंत आटवायचे, गाळून कोमट होऊ द्यायचे आणि तोंड हलवता येणार नाही इतका घोट भरून काही वेळ नुसता धरून ठेवायचा. व्रण ताजा असताना जोराने खळखळून चुळा भरायच्या नाहीत. काढा रोज ताजा करायचा. मी रक्तदाबाची गोळी घेतो हे कळताच तो गिळायचा नाही, अशी सक्त ताकीद आपण दिलीत, कारण ज्येष्ठमध पोटात फार गेल्यास रक्तदाब वाढू शकतो. (सावजी रस्सा बंद, ही सूचना मात्र औषधापेक्षा कडू होती.)

जेवतानाची आग आधी कमी झाली आणि नवे व्रण उठणे पुढे हळूहळू घटले. पहिल्याचे थोडे श्रेय काढ्याला देऊन दुसऱ्याचे आपण बी १२ च्या औषधाकडे वळवलेत, हा प्रामाणिकपणा मला विशेष भावला. रक्ताची फेरतपासणी झाली की अहवाल घेऊन येईन. काढा सुरू ठेवायचा की थांबवायचा, हे आपणच तेव्हा ठरवावे.

आपला कृतज्ञ,
एक शिक्षक, नागपूर