एअर प्युरिफायरचा फिल्टर धुवायच्या आधी वाच

इंदिरानगर, नाशिक

प्रिय संजय,
स. न. वि. वि.

प्युरिफायरचा लाल दिवा लागला म्हणून सगळे फिल्टर धुऊन गच्चीत वाळत घालायचा तुझा बेत आधी रद्द कर. धुवायची ती फक्त बाहेरची जाळी, म्हणजे प्री-फिल्टर. आतला घड्याघड्यांचा पांढरा हेपा, म्हणजे बारीक धूळ धरणारा मुख्य फिल्टर, नळाखाली धरलास तर गेलाच म्हणून समज. बहुतेक घरगुती हेपाचे धागे प्लास्टिकचे असतात आणि त्यांच्यावर स्थिर विजेचा भार असतो. अगदी बारीक धूळ त्या भारामुळेही चिकटते. साबणाच्या पाण्याने तो भार उतरतो, घड्या वाकड्या होतात, डिंक सुटतो. दिसायला फिल्टर चकाचक दिसेल, पण पहिल्यासारखा धूळ धरणार नाही. माहितीपुस्तिकेत ‘धुता येतो’ असं स्पष्ट लिहिलं असेल तरच धू.

लाल दिव्याचं फार मनावर घेऊ नकोस. बऱ्याच मशीनमध्ये तो नुसते चाललेले तास मोजतो, फिल्टर किती मळलाय हे त्याला कळत नाही. प्लग काढ, झाकण उघड, फिल्टर उजेडात धर. घड्यांच्या तळापर्यंत काळपट थर बसला असेल किंवा त्याच स्पीडला हवा कमी आणि घरघर जास्त असेल, तर बदल. तुंबलेला हेपा धूळ सोडत नाही, पण त्यातून हवाच कमी जाते आणि खोली साफ व्हायला जास्त वेळ लागतो.

साफसफाई गॅलरीत कर, तोंडाला मास्क लाव. जाळीवरची धूळ आधी व्हॅक्यूमच्या मऊ ब्रशने ओढून घे. मग पाण्याची धार आतल्या बाजूने बाहेर सोड. उलट केलंस तर धूळ छिद्रांत आणखी घट्ट बसते. स्वयंपाकघराजवळच्या मशीनच्या जाळीवर तेलकट चिकटा असतो, त्याला भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब पुरतात. कढत पाणी नको, फ्रेम वाकते. नंतर सावलीत पूर्ण एक दिवस वाळव, पावसाळ्यात पंख्याखाली दोन दिवस. ओलसर जाळी बसवली की हेपाला बुरशी धरते आणि खोलीभर कुबट वास सुटतो. हेपावर फक्त मळक्या बाजूने हलका व्हॅक्यूम फिरव. आपटायचा नाही, गॅरेजमधल्या हवेच्या पाइपने तर मुळीच उडवायचा नाही, घड्या फाटतात.

मशीनवर दिसणारा हवेतल्या धुळीचा आकडा एकाच जागी अडकला असेल तर बाजूचं छोटं झाकण उघडून धूळ मोजणाऱ्या सेन्सरची काच कोरड्या इअरबडने पूस. रोजच्या उदबत्तीच्या घरात हे दोन महिन्यांतून एकदा लागतंच.

वास शोषणारा कार्बनचा फिल्टर नवाही काळा आणि संपलेलाही काळा, तिथे नाकच कामाचं. फोडणीचा वास तासाभरानेही जात नसेल तर तो भरलाय. उन्हात ठेवून ताजा होत नाही.

नवा घेताना जुन्याच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर जुळव. दुसऱ्या कंपनीचा स्वस्त फिल्टर घ्यायला हरकत नाही, पण कडेला चारी बाजूंनी फोमची पट्टी हवी आणि कार्बनचे खरे दाणे हवेत, नुसतं काळं कापड नको. दाण्यांचा फिल्टर हातात जड लागतो. महिन्याभराने हेपाच्या स्वच्छ बाजूच्या कडेला धुळीच्या रेघा दिसल्या तर हवा फटीतून निसटतेय, तो फिल्टर परत कर.

बसवताना प्लास्टिकची पिशवी काढायला विसरू नकोस. हसू नकोस, नव्या मशीनमध्ये फिल्टर पिशवीसकट असतो आणि तसाच महिनोन् महिने चालवणारे लोक आहेत. फिल्टरवरचा बाण हवेच्या दिशेने ठेव, ओढायची पट्टी आपल्याकडे. मग रिसेटचं बटण तीन ते पाच सेकंद दाबून धर.

आपल्याकडे सिंहस्थासाठी रस्त्यांची खोदाखोद चालू आहे तोवर जाळी पंधरा दिवसांनी साफ कर. पावसाळ्यात महिन्याने चालेल. हेपा दिवाळीच्या तोंडावर बदलू नकोस. फटाक्यांचा धूर जुन्यालाच खाऊ दे आणि नंतर नवा घाल. थंडीत धूळ-धूर खालीच साचून राहतो, नव्याची खरी गरज तेव्हाच असते. जुना पिशवीत गच्च बांधून घंटागाडीत सुक्या कचऱ्यात टाक.

स्टिकरचा फोटो पाठव, कोणता फिल्टर बसेल ते बघून सांगतो. काकूंना नमस्कार. त्यांच्या खोलीतलं मशीन भिंतीपासून निदान वीतभर पुढे ओढ.

तुझा,
अविनाश