‘हार्ड डिस्क उडाली’ म्हणण्याआधी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कराडला मी घरीच टायपिंगची कामे करते. लग्नपत्रिका, शाळांचे पेपर, सोसायटीचे अहवाल. कॉम्प्युटर २०१२ साली असेंबल करून घेतलेला, विंडोज ७ वर चालणारा. दोन-तीन महिने रोज सकाळी काळ्या पडद्यावर ‘एफ१ दाबा’ असे यायचे, तारीख २०१२ ची दिसायची आणि इंटरनेट उघडले की प्रत्येक साइट सुरक्षित नसल्याची बोंब व्हायची. मी एफ१ दाबायचे, तारीख बदलायचे आणि कामाला लागायचे. चूक माझीच.

मग ऐन लग्नसराईत एका सकाळी विंडोजचे चिन्ह आले, क्षणभर निळा पडदा चमकला आणि मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू. असे दहा वेळा झाले. रिक्षात घालून सीपीयू दुकानात नेला. झाकणही न उघडता निदान झाले : ‘हार्ड डिस्क उडाली. नवीन टाकू, जुनी इथेच ठेवून जा.’ त्या डिस्कमध्ये माझ्या श्रीलिपीतल्या (मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या) बारा वर्षांच्या फायली! मी सीपीयू उचलून परत आणला.

शेजारी टीव्ही दुरुस्त करणारे काका आहेत. त्यांनी एवढेच विचारले, ‘डिस्क मेली असती, तर विंडोजचे चिन्ह आले कुठून?’ मदरबोर्डवरचा रुपयाएवढा सेल काढून त्यांनी मीटर लावला. ३ व्होल्टचा सेल, भरला १.९. सेल संपला की बायोसमधल्या (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममधल्या) सेटिंग मूळ पदावर जातात. आमची डिस्क ‘एएचसीआय’ या जोडणीच्या पद्धतीवर होती, ती ‘आयडीई’ या जुन्या पद्धतीवर गेली होती, म्हणून विंडोजला डिस्क सापडेना. निळ्या पडद्यावरच्या एररच्या आकड्याचा शेवट ‘७बी’ होता, ती त्याचीच खूण. नवा सीआर२०३२ सेल घातला, सेटिंग बदलली, मशीन चालू. खर्च ४० रुपये आणि एक चहा.

वीज असली की हा सेल फारसा खर्च होत नाही. मी मात्र विजांच्या भीतीने रोज रात्री भिंतीवरच्या बोर्डाचे बटण बंद करायचे, म्हणजे सगळा भार त्या सेलवर. (वळवाच्या दिवसांत ते बटण मी अजूनही बंदच करते.)

दुकानदाराचे सगळेच चुकले, असे मात्र नाही. नंतर डिस्क तपासली तेव्हा काही सेक्टर (डिस्कवरचे छोटे भाग) खराब निघाले. म्हणून आधी सगळ्या फायली बाहेरच्या डिस्कवर घेतल्या आणि मगच विंडोजमधले डिस्क तपासणारे ‘चेकडिस्क’ चालवले. क्रम उलटा झाला, तर आजारी डिस्क तपासणीच्या ताणानेच बसू शकते, असे काकांनी बजावले होते. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर मशीन लगेच बंद करावे.

माझे म्हणणे दुकानदारांना आहे. बिलावर ‘रिपेअरिंग’ एवढेच न लिहिता काय बिघडले होते तेही लिहा, आणि बदललेली जुनी डिस्क गिऱ्हाइकाच्या हातात परत द्या. तिच्यात लोकांची आधार कार्डेही असतात.

आपली,
एक वाचक, कराड