धंतोलीच्या डॉक्टर मॅडमना, एका आईकडून

नमस्कार मॅडम,

पोरीच्या भरतीची मैदानी चाचणी अजून व्हायची आहे, पण तिच्या नाकाच्या ऑपरेशनबद्दल तुमचे आभार मानायला तोवर थांबायला मन तयार नाही.

पोलीस भरतीत मुलींना 800 मीटर धावावं लागतं. अर्धं अंतर कापलं की हिचं तोंड उघडायचं आणि घशाला कोरड पडायची. कुणी म्हणे कूलरची हवा बाधते, कुणी म्हणे अ‍ॅलर्जी. मैदानावरचे सर म्हणत, स्टॅमिनाच नाही. मेडिकलमधून नाकात टाकायचे थेंब आणायचो. ते चार-पाच दिवसांच्या वर टाकले की नाक उलट जास्तच चोंदतं, हे तुम्ही सांगेपर्यंत कुणी बोललं नव्हतं.

तुमच्याआधी एका चकचकीत दवाखान्यात गेलो होतो. त्यांनी नाकात बॅटरी मारली न मारल्यासारखी केली, तिचा फोटो कॉम्प्युटरवर घेतला आणि नाकावरचा उंचवटा पुसून दाखवला. "लग्नाचं वय आहे, बघा किती फरक पडतो." अहो, पोरगी श्वासासाठी आली होती! तो उंचवटा तिच्या आजीकडून आलाय आणि तोवर त्याचं तिला काही वाटतही नव्हतं. नंतर कितीतरी दिवस ती फोटो काढताना मान वळवायची. त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही मला नाही, तिला विचारलं, "काय त्रास होतो?" मग ती थंडगार स्टीलची पट्टी नाकाखाली धरून श्वास सोडायला लावला. डावीकडे रुपयाएवढी वाफ उमटली, उजवीकडे जेमतेम डाळीएवढा ठिपका. आणि पट्टी माझ्याआधी तिच्यासमोर धरलीत. "बघ, तू नाटक नव्हती करत." ती तिथेच रडायला लागली. वाफ विरून गेली, तिला पुन्हा बघायचं होतं. बाहेर एवढी गर्दी असताना तुम्ही पट्टी पुसून पुन्हा धरलीत.

आमच्या नणंदबाईंनी विचारलंच, एकाच भुलीत उंचवटाही काढून टाका ना! तुम्ही चिडला नाहीत. म्हणालात, वाकडा आहे तो दोन नाकपुड्यांमधला आतला पडदा. वरचा उंचवटा काढून तो सरळ होत नाही. दोन्ही एकत्र करता येतं, पण तिला हवं असेल तरच; नाक बारीक करताना कधीकधी श्वासाची वाटच अरुंद होते. हिनं मान हलवून नाही म्हटलं आणि विषय संपला. शिकलेली माणसं पुष्कळ भेटतात हो, समोरच्याचं ऐकून घेणारी किती?

ऑपरेशन नाकपुडीच्या आतूनच झालं, वरून काही बदललं नाही. नणंदबाई म्हणाल्या, "नाक तर तसंच आहे, मग केलं काय?" पोरगी म्हणाली, "आत्या, तुमची भाजी करपून राहिली, मला इथवर वास येतोय."

चाचणी झाली की संत्रा बर्फी घेऊन येतो. ओपीडी संपल्यावरच येऊ, पेशंटना ताटकळत ठेवून नाही.

तुमच्या पेशंटची आई