सरकारी वकील कॅमेऱ्यासमोर काय बोलतात? गृहमंत्र्यांना खुले पत्र

मा. श्री. देवेंद्र फडणवीस,
मुख्यमंत्री व गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

कसाबनं तुरुंगात बिर्याणी मागितली, ही गोष्ट आपल्याकडे घरोघरी पोहोचली होती. मार्च २०१५ मध्ये जयपूरला खुद्द विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनीच सांगितलं, की अशी मागणी झालीच नव्हती. कसाबविषयी सहानुभूती वाढू नये म्हणून त्यांनी ती रचली होती. त्या खटल्यात छायाचित्रं होती, प्रत्यक्षदर्शी साक्षीदार होते. पुरावा एवढा भक्कम असताना खोट्याची गरजच काय होती? सरकारनं नेमलेला वकील न्यायालयाच्या पायऱ्यांवर जे बोलतो, ते लोक सरकारचं म्हणणं म्हणूनच ऐकतात.

पोलिसांचंही तेच. ७/११च्या, म्हणजे ११ जुलै २००६च्या, मुंबई लोकल बॉम्बस्फोटांचा छडा लागल्याचं सप्टेंबर २००६ मध्ये पत्रकार परिषदेत जाहीर झालं. २१ जुलै २०२५ला मुंबई उच्च न्यायालयानं, विशेष न्यायालयानं दोषी धरलेल्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, तो त्याचा हक्कच आहे. पण २००६ मध्ये ज्या ठामपणे सांगितलं गेलं, त्यातलं काय न्यायालयात टिकलं नाही आणि का, हे आप्त गमावलेल्यांसमोर बसून कोणी सांगितलं?

पोलिसांनी तोंडच उघडू नये, असं मी म्हणत नाही. माहिती मिळाली नाही की अफवा पसरतात. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ साली एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकायला सांगितलं (लैंगिक गुन्ह्यांसारखी संवेदनशील प्रकरणं वगळून), ते योग्यच होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच न्यायालयानं पोलिसांच्या माध्यमसंवादासाठी नियमावली करायला केंद्राला सांगितलं. महाराष्ट्रानं त्याच्या पुढे जावं. न्यायालयात दाखल केलं तेवढंच बोलावं, तेही तारीख घालून लेखी. आणि आरोपी सुटला तर ते निवेदन जिथे प्रसिद्ध झालं तिथेच निकालही प्रसिद्ध करावा. सरकारी वकिलांच्या नेमणूकपत्रातच ही अट घाला.

हे माझ्या घरातलं दुखणंही आहे. गेल्या वर्षी माझ्या धाकट्या भावाला टेम्पोनं उडवलं. तो गेला. आई सात वेळा पोलीस ठाण्यात गेली. दर वेळी एकच उत्तर, "तपास चालू आहे." एकदा साहेब बंदोबस्ताला होते, एकदा रजेवर. आरोपपत्र दाखल झाल्याचं आम्हाला विमा कंपनीच्या माणसाकडून कळलं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ प्रमाणे तपासाची प्रगती ९० दिवसांत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवावी लागते. हा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू आहे.

साहेब, किती प्रकरणांत ९० दिवसांत कळवलं आणि किती प्रकरणांत नाही, हा आकडा ठाण्यानिहाय दर तीन महिन्यांनी जाहीर करा. आई अजून विचारते, पुढची तारीख कधी. ते तिला सरकारकडून कळायला हवं.

आपला,
सातारा जिल्ह्यातील एक नागरिक