हिप-हॉपची आतून झालेली चिकित्सा

माननीय संपादक, स. न. वि. वि.

हिप-हॉपविषयी, म्हणजे तालावर शब्द म्हणत जाणाऱ्या रॅप गाण्यांच्या संगीतपरंपरेविषयी, मराठी वृत्तपत्रांत अधूनमधून जे लिहिले जाते त्यात बहुधा दोनच सूर असतात : शिवराळ गाण्यांनी तरुण पिढी बिघडत असल्याची तक्रार, नाहीतर गायकांच्या गाड्या-बंगल्यांचे कौतुक. अमेरिकेतील कृष्णवर्णीय लेखक-कार्यकर्त्यांनी गेली तीसेक वर्षे या कलेची जी परखड आणि तितकीच जिव्हाळ्याची चिकित्सा केली आहे, ती आपल्या वाचकांपर्यंत पोहोचतच नाही. केविन पॉवेल हे त्यांतील एक ठळक नाव, आणि त्यांच्या निमित्ताने हे पत्र लिहीत आहे.

पॉवेल यांचा जन्म १९६६ चा, जर्सी सिटीतला. एकट्या आईने त्यांना अत्यंत गरिबीत वाढवले. पुढे ‘व्हाइब’ या संगीतविषयक नियतकालिकात लिहिताना त्यांनी टुपाक शकूर या रॅपरच्या अनेक मुलाखती घेतल्या. त्यांतली एक जानेवारी १९९५ मध्ये, शकूर रायकर्स आयलंडच्या तुरुंगात असताना घेतलेली आहे. पण मला त्यांचे मोठेपण जाणवते ते १९९२ सालच्या एका लेखात. ‘एसेन्स’ या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या मासिकात त्यांनी स्वतःच्या नावानिशी कबूल केले, की आपण आपल्या मैत्रिणीला रागाच्या भरात न्हाणीघराच्या दारावर ढकलले होते. रॅपमधील स्त्रीद्वेषावर बोट ठेवणारे पुष्कळ आहेत. ते बोट आधी स्वतःकडे वळवणारे विरळाच. पुरुषी हिंसेविरुद्ध त्यांनी पुढे जे काम केले, त्याच्या मुळाशी ही कबुली आहे.

लेखिका जोन मॉर्गन यांनी १९९९ मध्ये ‘हिप-हॉप स्त्रीवाद’ हा शब्दप्रयोग रूढ केला, तोही या संगीतावर प्रेम करूनच. ज्या गाण्यावर पाय थिरकतात तेच गाणे आपला अपमान करते, या पेचातून त्यांनी पळ काढला नाही. हिप-हॉपवर बाहेरून टीका करणाऱ्यांना हा पेच कधी पडतच नाही, आणि त्यामुळे त्यांची टीका मला फार उथळ वाटते.

हे संगीत ज्या मातीत उगवले तीही पाहायला हवी. क्रॉस-ब्राँक्स द्रुतगती महामार्गासाठी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील नांदत्या वस्त्या मधोमध चिरल्या गेल्या आणि हजारो कुटुंबे उठवली गेली. त्याच परिसरात, १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीत, ११ ऑगस्ट १९७३ रोजी सिंडी कॅम्पबेल या मुलीने शाळेसाठी नवे कपडे घेता यावेत म्हणून एक पार्टी ठेवली. हाताने लिहिलेल्या निमंत्रणपत्रिकेवर मुलींना २५ सेंट आणि मुलांना ५० सेंट असे प्रवेशमूल्य होते. रेकॉर्ड वाजवायला होता तिचा जमैकात जन्मलेला अठरा वर्षांचा भाऊ, डीजे कूल हर्क. गाण्यातील नुसत्या तालवाद्यांचा तुकडा आला की नाचणाऱ्यांना भरते येते, हे त्याने हेरले होते. म्हणून एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर, म्हणजे रेकॉर्ड वाजवणाऱ्या यंत्रांवर, ठेवून, एकीवरचा तुकडा संपत आला की दुसरीवर तोच पुन्हा सुरू करून, तो ती काही सेकंदांची लय मिनिटे-मिनिटे लांबवू लागला. हातात होते तेवढ्यातून नवे वाद्य घडवण्याची ही बुद्धी ज्यांना नुसता गोंगाट वाटते, त्यांनी ते दोन हात एकदा डोळ्यांसमोर आणून पाहावेत.

वर्णाचा प्रश्न येथे केवळ पार्श्वभूमीपुरता उरत नाही. अमेरिकेतील फौजदारी खटल्यांत रॅपरच्या कवितेच्या ओळी त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वाचून दाखवल्या गेल्या आहेत. ‘मी’ म्हणून लिहिणाऱ्या कादंबरीकाराच्या वाट्याला सहसा असा संशय येत नाही. कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये कायदा करून अशा वापरावर मर्यादा आणली, ती कलावंत आणि कार्यकर्त्यांच्या पाठपुराव्यानंतर. विद्रोही कवितेची परंपरा ज्या भाषेत आहे, त्या भाषेच्या वाचकांना या प्रश्नाचे गांभीर्य वेगळे समजावून सांगावे लागू नये.

आपल्या रविवार पुरवणीतून पॉवेल, मॉर्गन आणि त्यांच्या पिढीतील इतरांच्या निवडक लेखांचे, रीतसर परवानगी घेऊन, मराठी अनुवाद क्रमशः प्रसिद्ध करावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. पहिला अनुवाद १९९२ च्या त्या लेखाचा असावा.

आपला,
एक नियमित वाचक