वंध्यत्वावरच्या गोळ्यांआधी पुरुषाचा कामधंदा विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत नुकताच पुरुषांच्या वंध्यत्वावरील लेख वाचला. मूल होत नसेल तर वर्षानुवर्षे सुनेच्याच तपासण्या करत राहायचे, ही आपल्याकडची रीत. नवऱ्याची वीर्य तपासणीही सुरुवातीलाच करून घ्या, असे लेखकाने बजावले हे उत्तम झाले. मात्र जस्त, सेलेनियम आणि अँटिऑक्सिडंट (ऑक्सिडीभवन रोखणारे पदार्थ) असलेल्या गोळ्या तीन महिने घेऊन पाहायला हरकत नाही, हा लेखाच्या शेवटी दिलेला सल्ला मला पटत नाही.

या गोळ्यांमागचे शास्त्र आधी पाहू. शुक्राणूच्या आवरणात सहज ऑक्सिडीभवन होणारी मेदाम्ले भरपूर असतात आणि पेशीद्रव नावापुरतेच असल्यामुळे इतर पेशींना मिळणारे विकरांचे (एन्झाइमांचे) संरक्षण त्याला फारसे लाभत नाही. त्यामुळे फ्री रॅडिकलचे, म्हणजे शरीरातच तयार होणाऱ्या अतिक्रियाशील रेणूंचे, प्रमाण वाढले की जुने तेल खवट होते तशीच क्रिया या आवरणात घडते, शेपटीची हालचाल मंदावते आणि डोक्यातल्या डीएनएचे तुकडे पडतात. ऑक्सिजनचे प्रमाण वाढवले की मानवी शुक्राणूंची हालचाल थंडावते, हे संशोधक जॉन मॅक्लाउड यांनी १९४३ मध्येच दाखवले होते. मात्र फ्री रॅडिकल पूर्णपणे नकोसेही नाहीत. बीजांडाचे फलन करण्याची क्षमता अंगी येण्यासाठी शुक्राणूला ते थोड्या प्रमाणात लागतात.

धातूंचेही असेच दुहेरी आहे. जस्त आणि तांबे एका महत्त्वाच्या संरक्षक विकराचे घटक आहेत, शुक्राणूतील डीएनए घट्ट बांधून ठेवण्यात जस्ताचा हात असतो, आणि सेलेनियमयुक्त एक विकर तर शुक्राणूच्या मधल्या भागाच्या बांधणीतच वापरले जाते. पण लोह किंवा तांबे मोकळे सुटले, तर हायड्रोजन पेरॉक्साइडपासून अतिशय दाहक असे हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होते. शिसे आणि कॅडमियम यांचे तर शरीरात काहीच काम नाही. ते जस्ताच्या जागा बळकावतात आणि ऑक्सिडेटिव्ह ताण, म्हणजे फ्री रॅडिकलचा मारा, वाढवतात. प्रागचे संशोधक यिरी पार्जिझेक यांनी १९५०च्या दशकात उंदरांना कॅडमियमचे क्षार टोचले तेव्हा त्यांचे वृषण नष्ट झाले, आणि सोबत जस्त दिले तेव्हा ते वाचले.

गोळ्या विकणाऱ्यांना हा प्रयोग सोयीचा वाटेल, पण विषबाधा झालेल्या उंदराला जे तारते ते सर्वसामान्य पुरुषाला मूल देईलच असे नाही. अमेरिकेत वंध्यत्वावर उपचार घेऊ पाहणाऱ्या २३७० जोडप्यांतील पुरुषांपैकी निम्म्यांना सहा महिने रोज ३० मिलिग्रॅम जस्त आणि ५ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड दिले, उरलेल्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: मूल जन्माला येण्याचे प्रमाण पहिल्या गटात ३४ टक्के, दुसऱ्यात ३५. उलट डीएनएचे तुकडे होण्याचे प्रमाण गोळ्या घेणाऱ्यांत किंचित अधिक, २९.७ टक्के, तर इतरांत २७.२, पोटाच्या तक्रारीही गोळ्या घेणाऱ्यांतच जास्त. मग 'हरकत नाही' असे कशाच्या आधारावर म्हणायचे? सेलेनियमच्या बाबतीत तर गरज आणि अतिरेक यांत अंतरच थोडे. २०२५ च्या आरंभी शेगाव तालुक्यात लोकांचे केस गळू लागले, तेव्हा डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातील जादा सेलेनियमकडे बोट दाखवले होते, हे आपल्या वाचकांना आठवत असेल.

माझा मुख्य मुद्दा वेगळाच आहे. शरीरात काय घालावे याची चर्चा आपण हिरिरीने करतो, पण काय शिरते आहे ते विचारत नाही. बॅटरी कारखान्यातील कामगारांच्या रक्तात शिसे वाढले की शुक्राणूंची संख्या, हालचाल आणि आकार तिन्ही बिघडतात, हे रुमानियातील अभ्यासकांनी १९७५ मध्येच नोंदवले. आपल्याकडे जुन्या बॅटऱ्या फोडून त्यांच्या प्लेटा भट्टीत वितळवणारी पत्र्याची शेड आजही आहेत. तिथली माणसे तोंडाला रुमाल बांधून काम करतात, त्याच हातांनी डबा खातात आणि शिशाची धूळ कपड्यांवरून घरी नेतात. विडी-सिगारेटच्या धुरातून कॅडमियम जाते ते वेगळेच. शिवाय 'शक्ती'साठी घेतलेली भस्मे आहेतच: इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक औषधांच्या तपासणीत सुमारे एकपंचमांश औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. ज्या दोषावर उपाय म्हणून पुडी घ्यायची, तोच दोष पुडीतून यावा, हा विचित्र व्यवहार आहे.

म्हणून वीर्य तपासणीच्या अर्जावर काम कोणते, व्यसन कोणते आणि भस्म किंवा काढा चालू आहे का, हे तीन रकाने असावेत. पुरवणीतील पुढच्या लेखात डॉक्टरांनी याबाबत लिहावे, आणि शिशाशी संबंध येणाऱ्यांना रक्तातील शिशाची पातळी तपासून घेण्यास सांगावे. काम बदलले म्हणून पंधरा दिवसांत अहवाल सुधारणार नाही, हेही सांगितले पाहिजे. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, आणि हाडांत साठलेले शिसे त्यानंतरही कित्येक वर्षे रक्तात उतरत राहते.

आपली विश्वासू,
एक निवृत्त जीवरसायनशास्त्र प्राध्यापिका, मिरज