गुडघेदुखीच्या जाहिराती, पेनकिलर आणि आमचं काउंटर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी आपल्या पेपरात शेवटच्या पानावर गुडघेदुखीच्या एका पावडरची मोठी जाहिरात होती, "पेनकिलर सोडा, किडनी वाचवा" असं लाल अक्षरात, आणि सोमवारी सकाळपासून लोकं त्याचं कात्रण घेऊन दुकानात येऊन राहिले. मी फार्मासिस्ट आहे, मानेवाडा रोडकडे एका मेडिकल स्टोअरमध्ये काउंटर सांभाळते. म्हणून हे पत्र. त्या जाहिरातीचा पहिला अर्धा भाग, पेनकिलरने किडनीला धोका असतो हा, खरा आहे, आणि तो खरा आहे म्हणूनच दुसरा अर्धा भाग, म्हणजे ती पावडर, विकला जातो, हे मला सांगायचं आहे.

आमच्याकडे गोळीचं नाव कोणी सांगत नाही. "कमरेची दे", "ती हिरव्या पत्त्यातली दे", "मागच्या वेळी नेली होती तीच दे ना बाप्पा" असं चालतं. डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक अॅसिड. ह्या सगळ्या दुखण्याच्या गोळ्या. त्यांच्या पत्त्यावर, म्हणजे गोळ्यांच्या पट्टीवर, आरएक्स छापलेलं असतं, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाही, पण चिठ्ठी मागितली की माणूस हसतो आणि पुढच्या दुकानात जातो, तिथे मिळते. २०२४ च्या पावसाळ्यात नागपुरात चिकनगुनिया पसरला तेव्हापासून तर हे फारच वाढलं. ताप आठवड्यात गेला पण बोटं, घोटे, गुडघे महिनोन्‌महिने धरून राहिले, सकाळी चहाचा कप धरता येत नाही अशा बाया आल्या, आणि ज्यांनी आयुष्यात दुखण्याची गोळी खाल्ली नव्हती ते रोज एक खायला लागले. त्यातले कितीतरी अजून खाऊन राहिले आहेत. तापात तर ह्या गोळ्या घ्यायच्याच नाहीत, डेंग्यू नाही हे नक्की होईपर्यंत फक्त पॅरासिटामॉल, कारण डेंग्यूत प्लेटलेट कमी होतात आणि ह्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. हे दर पावसाळ्यात सांगावं लागते.

आता ह्या गोळ्या करतात काय ते साध्या भाषेत सांगते. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं असतात, त्यांच्यामुळे सूज येते आणि दुखते, गोळी ती बनायचं थांबवते. पण तीच द्रव्यं पोटाच्या आतलं अस्तर राखतात आणि किडनीत रक्त नीट पोचवतात. म्हणजे गुडघ्याचं दुखणं थांबवताना पोटाचं आणि किडनीचं संरक्षण पण कमी होते. काळी संडास झाली तर ते पोटातलं रक्त असू शकते, लोकं म्हणतात काल पालक खाल्ली होती. अॅसिडिटीची गोळी सोबत घेतली म्हणजे झालं असं पण नाही, ती पोटाला थोडं वाचवते, किडनीला नाही.

किडनीचं नागपूरकरांनी नीट ऐकावं. अंगात पाणी कमी असलं की किडनी ह्याच प्रोस्टाग्लँडिनच्या भरवशावर रक्त ओढून घेत असते. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, बांधकामावरचा भाऊ दुपारी दोनला येतो, शर्टावर घामाचं मीठ वाळून पांढरे पट्टे उमटलेले, आणि म्हणतो ताई कमरेची एक द्या, संध्याकाळी पुन्हा स्लॅबवर चढायचं आहे. मी आधी विचारते, भाऊ सकाळपासून लघवी किती वेळा झाली? तो ओशाळतो, मग म्हणतो एकदा. अशा माणसाला ती गोळी देणं म्हणजे धोका. त्याला मी ओआरएसची पाकिटं देते, पॅरासिटामॉल देते, सावलीत बस म्हणते, पण त्याची रोजी बुडते म्हणून तो बसणार नाही हे मला माहीत असते.

दुसरे म्हणजे बीपीवाले. टेल्मीसार्टन किंवा रॅमिप्रिलसारखी गोळी, त्यात पाण्याची, म्हणजे लघवी वाढवणारी गोळी मिसळलेली, आणि वर स्वतःच्या मनाने डायक्लोफेनॅक. हे तिन्ही एकत्र आले की किडनीवर एकाच वेळी तीन बाजूंनी ताण येतो, डॉक्टरांच्या पुस्तकात ह्याची वेगळी ताकीद आहे. बीपी पण वाढतो, पायावर सूज येते, आणि मग पेशंटला वाटते बीपीचीच गोळी लागू नाही पडत. काउंटरवर उभ्या असलेल्या दहा जणांत ज्येष्ठ किती असतात बघा, आणि त्यातल्या बहुतेकांच्या पिशवीत बीपीचा पत्ता असतो. क्रिएटिनीनची, म्हणजे किडनी नीट चालते का ते दाखवणारी रक्ताची तपासणी महाग नाही, पण ती करायला कोणी सांगत नाही कारण गोळी कोणी डॉक्टरला विचारून घेतच नाही.

हार्टचंही आहेच. व्हायॉक्स म्हणजे रोफेकॉक्सिब नावाची दुखण्याची गोळी हार्ट अटॅकचा धोका दिसला म्हणून कंपनीनेच ३० सप्टेंबर २००४ ला जगभरातून मागे घेतली. त्यानंतर २००५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण संस्थेने, दुखण्याच्या गोळ्यांच्या ह्या सगळ्या गटावर चौकटीतली ताकीद छापायला लावली आणि २०१५ मध्ये ती आणखी कडक केली, की धोका पहिल्या काही आठवड्यांतही वाढू शकतो. आपल्याकडे गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनने, औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२३ च्या शेवटी मेफेनॅमिक अॅसिडबद्दल सूचना काढली, पाळीच्या दुखण्यासाठी मुली जी सर्रास घेतात तीच गोळी, की क्वचित अंगावर रॅश, ताप आणि आतल्या अवयवांवर परिणाम अशी गंभीर रिअॅक्शन येऊ शकते. क्वचितच, पण गोळी चालू केल्यावर दोन ते आठ आठवड्यांत असं काही दिसलं तर ती बंद करून लगेच डॉक्टर गाठायचा.

आणि गिधाडं. पेंच व्याघ्र प्रकल्पात २०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोरहून गिधाडं आणली, ती का आणावी लागली? दुखण्यासाठी गाई-बैलांना डायक्लोफेनॅक टोचत, ते जनावर मेलं की गिधाडं खात आणि किडनी फेल होऊन मरत. देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं जवळपास संपली. सरकारने २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद केलं, २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅक पण. माणसाची किडनी गिधाडाएवढी नाजूक नाही, हे मान्य, पण जे औषध किडनीवर एवढं काम करते ते आपण पिपरमेंटच्या गोळीसारखं खाऊन राहिलो ह्याचं मला वाईट वाटते.

मग लोकं घाबरून नॅचरलकडे वळतात. ते मी समजू शकते. हळदीत काहीच नाही असं मी म्हणणार नाही. थायलंडमध्ये २०१४ मध्ये गुडघ्याच्या ३६७ पेशंटवर चार आठवडे अभ्यास झाला, हळदीच्या अर्काने दुखणं आयबुप्रोफेनइतकंच कमी झालं. आपल्या विदर्भातल्या जंगलातली सालई, जिला आयुर्वेदात शल्लकी म्हणतात, तिच्या डिंकावरही छोटे अभ्यास आहेत आणि थोडा फायदा दिसतो. पण ग्लुकोसामाइन, ज्याचे डबे सगळ्यात महाग विकले जातात, त्यावर अमेरिकेत २००६ मध्ये १५८३ लोकांचा मोठा अभ्यास आला आणि एकंदरीत औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा ग्लुकोसामाइनचा फायदा काही वेगळा नाही निघाला. जे लोकं मांसाहार टाळतात त्यांना हेही सांगून ठेवते की ते बहुतेक वेळा कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून बनते, डब्यामागे हिरवा ठिपका आहे का ते बघून घ्यावं.

आणि वरणात टाकायची हळद वेगळी, कॅप्सूलमधली वेगळी, हे लोकांच्या ध्यानात येत नाही. हळदीत कर्क्युमिन, म्हणजे तिचं मुख्य द्रव्य, साधारण तीन टक्के. पाचशे मिलिग्रॅमच्या एका कॅप्सूलमध्ये ते ९५ टक्के असलं तर एका कॅप्सूलमध्ये जवळपास १६ ग्रॅम हळदीएवढं कर्क्युमिन आलं, आणि वर मिऱ्यातलं पायपरीन. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या १९९८ च्या अभ्यासात पायपरीनसोबत कर्क्युमिनचं शोषण वीस पटीने वाढलं होतं. चांगलंच आहे ना, म्हणाल. पण पायपरीन फक्त कर्क्युमिनचंच शोषण वाढवत नाही, दुसऱ्या काही औषधांचं प्रमाण पण रक्तात वाढवू शकते. इटलीत २०१९ मध्ये हळदीच्या सप्लिमेंटनंतर लिव्हरला सूज आलेले पेशंट सापडले तेव्हा तिथल्या सरकारने चौकशी लावली. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, स्टेंट टाकला आहे, आणि मुलाने पुण्याहून हळदीच्या कॅप्सूल आणि फिश ऑइल पाठवलं, हे डॉक्टरला सांगतच नाहीत लोकं. कारण "ते तर घरगुती आहे".

बरं, ह्या डब्यांवर बारीक अक्षरात "नॉट फॉर मेडिसिनल यूज" लिहिलेलं असते, एफएसएसएआयच्या, म्हणजे खाद्यपदार्थांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या नियमाने लिहावंच लागते. म्हणजे कंपनी स्वतः म्हणते हे औषध नाही, आणि जाहिरात म्हणते गुडघा बरा होईल.

सगळ्यात जास्त भीती मला बिनलेबलच्या पुडीची वाटते, बाजारात, जत्रेत, बसस्टँडवर मिळते ती. दोन दिवसात दुखणं गायब. कोणतीही जडीबुटी दोन दिवसात जुनी संधिवाताची सूज उतरवत नाही. उतरली तर त्यात स्टेरॉइड किंवा डायक्लोफेनॅकच असायची शक्यता जास्त. अमेरिकेच्या एफडीएने २०२२ मध्ये आर्ट्री किंग नावाच्या "नॅचरल" सप्लिमेंटमध्ये नेमकं हेच पकडलं, डायक्लोफेनॅक आणि डेक्सामेथासोन, दोन्ही लेबलवर लिहिलेले नव्हते. म्हणजे बघा, पेनकिलरला घाबरून ज्याने पेनकिलर सोडली तोच ती विकत घेऊन खात होता, वर स्टेरॉइड. आमच्याकडे एक काकू येतात, पुडीने गुडघा एकदम मोकळा झाला म्हणून खूश होत्या, पण चेहरा गोल होऊन राहिला आणि शुगर काही केल्या खाली येत नव्हती, मीच त्यांना पुडी घेऊन डॉक्टरकडे पाठवलं, आणि डॉक्टरांनी एकदम बंद करू नका म्हणून सांगितलं. हे लोकांना माहीत नसते: स्टेरॉइड बरेच दिवस पोटात गेलं असलं आणि एकदम सोडलं तर बीपी पडू शकते, माणूस सिरीयस होऊ शकतो, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखालीच कमी करायचं.

गुडघा झिजलेला असेल तर आधी दुखण्याचं जेल लावून पाहा, त्यातलं औषध गोळीच्या मानाने खूपच कमी रक्तात उतरते. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओकडून एकदा शिकून घ्या. एक किलो वजन उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चारेक किलोने कमी होतो. ह्यात विकायला काही नाही म्हणून ह्याची जाहिरात येत नाही. गोळी लागलीच तर कमीत कमी डोस, कमीत कमी दिवस, आणि तापाची गोळी वेगळी घेताना दुखण्याच्या गोळीत पण पॅरासिटामॉल आहे का ते पत्त्यावर वाचायचं, दोन्ही मिळून दिवसाला चार ग्रॅमच्या वर जायचं नाही, लिव्हरचा त्रास किंवा दारू असेल तर त्याच्याही बरंच खाली.

आता संपादक साहेब, आपल्याला विनंती. १९५४ चा औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा आहे, त्याच्या यादीत संधिवात आहे, त्यावर "मुळापासून बरा" अशी औषधाची जाहिरात करता येत नाही. जाहिरात विभागाने हे बघून घ्यावं. पेपरात छापून आलं म्हणजे खरंच असेल असं आमच्या ज्येष्ठांना अजून वाटते, हा विश्वास आपणच कमावला आहे. अन्न व औषध प्रशासनाने बिनचिठ्ठी विकणाऱ्या दुकानांवर लक्ष ठेवावं, आमच्या दुकानावरही ठेवावं, म्हणजे चिठ्ठी मागणारा एकटा पडणार नाही. आणि गंजीपेठच्या दवा बाजारापासून गल्लीतल्या दुकानापर्यंत प्रत्येक काउंटरने तीन प्रश्न तरी विचारावे: बीपीची गोळी चालू आहे का, आधी अल्सर होता का, आणखी काय घेऊन राहिले.

ज्याला गोळीने किंवा सप्लिमेंटने त्रास झाला त्याला स्वतः तक्रार नोंदवता येते, डॉक्टरच पाहिजे असं नाही. सरकारच्या फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्रामचा, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या कार्यक्रमाचा टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४ आहे, कामाच्या दिवशी लागतो. औषधाचं नाव, बॅच नंबर, कधी सुरू केलं, काय झालं, सोबत दुसरं काय चालू होतं एवढं विचारतात, म्हणून पत्ता किंवा डबा फेकू नका, जवळ ठेवा.

आपली,
एक फार्मासिस्ट
मानेवाडा, नागपूर